जुन्या सीआरओतले कंडेन्सर: सरसकट बदलू की मोजून?

ओहमकार
मंडळी, पुण्याच्या जुन्या बाजारातून एक टेक्ट्रॉनिक्स ४६५ सीआरओ, म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप, उचललाय. किंमत विचारू नका, घरचे पण हा धागा वाचतात. १०० मेगाहर्ट्झ, दोन चॅनल, हे मॉडेल १९७२ ला आलं, म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठंच. चालू केला की पंखा फिरतो, ट्रेस, म्हणजे पडद्यावरची रेष, येतो, फोकस झकास आहे. फक्त सरळ रेष सरळ नाहीये, बारीक लाट दिसते. ट्रिगर सोर्स लाइनवर ठेवला की लाट जागच्या जागी थांबते, म्हणजे मेन्समधूनच काहीतरी येतंय इतपत कळलं.

आता प्रश्न. व्हिडिओवाले निम्मे लोक म्हणतात पन्नास वर्षांचे कपॅसिटर, म्हणजे कंडेन्सर, आहेत, इलेक्ट्रोलायटिक आणि टँटलम, दोन्ही जातींचे सगळे काढ आणि नवीन टाक. उरलेले निम्मे म्हणतात हात लावशील तर बघ. यादी काढायला बसलो तर संपेचना. माझ्याकडे २५ वॉटची सोल्डरॉन (सोल्डरिंग आयर्न), सक्शन पंप, एक बरा मल्टिमीटर आणि तो ऑनलाइन मिळणारा छोटा कंपोनंट टेस्टर आहे. काय करू? सरसकट की मोजून मापून?

बुधवारपेठी
सरसकट. विषय संपला.
थोडं सविस्तर लिहितो नाहीतर लोक अंगावर येतील. इलेक्ट्रोलायटिकमध्ये कागद असतो, तो ओल्या रसायनात भिजवलेला असतो, बुडाच्या रबरातून ते हळूहळू उडून जातं, ही गोष्ट काही कंपनीच्या नावावर थांबत नाही. आज एक बदललास, सहा महिन्यांनी शेजारचा जाणार, मग परत सगळं उघडा, परत बोर्ड काढा. तपकीर गल्लीत एक चक्कर मारायची, सगळी यादी एकदाच आणायची आणि एका रविवारी उरकून टाकायचं.

लॅबकाकू
अरे थांबा रे, आधी पेशंटचा ताप तरी बघा. एक दात दुखतोय म्हणून बत्तिशी काढून कवळी बसवणारे तुम्ही लोक.
मी इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये आयुष्य काढलं, मुलांनी जाळलेले सीआरओ दुरुस्त करणं हेच काम. ओहमकार, तुझ्या ४६५ चं सर्व्हिस मॅन्युअल टेकविकी या साइटवर फुकट आहे, आधी ते उतरवून घे. त्यात पाच सप्लाय, म्हणजे आतले डीसी व्होल्टेज, दिलेत: +११०, +५५, +१५, +५ आणि -८. बोर्डवर त्यांचे टेस्ट पॉइंट आहेत. पहिलं +५५ मोज, कारण बाकीचे त्याच्या आधाराने चालतात, तोच हलला तर सगळेच हलतात. पाचही आकडे कागदावर लिही आणि मग प्रत्येक ठिकाणी मीटर एसी रेंजवर टाकून रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लाट, बघ. हे केल्याशिवाय सोल्डरिंग गनला हात लावायचा नाही.

निवांत_नागपूरकर
काकू रागावून राहिल्या म्हणजे धागा चांगला चालणार. मी बसलो बाप्पा, चहा घेऊन.

मिलीव्होल्ट
काकूंच्या म्हणण्याला जरा आकडे जोडतो.
ओहमकार, आधी प्रोब काढ, इनपुट ग्राउंडवर टाक, आणि स्वीप, म्हणजे ट्रेसचा आडवा वेग, २ मिलिसेकंद प्रति डिव्हिजन ठेव. आडव्या दहा डिव्हिजन म्हणजे २० मिलिसेकंद. तेवढ्यात लाटेची एकच आवृत्ती दिसली तर ती ५० हर्ट्झची, दोन दिसल्या तर १०० ची. हा फरक फार कामाचा आहे. १०० ची असेल तर ब्रिज, म्हणजे एसीचं डीसी करणारे चार डायोड, ठीक आणि फिल्टर कंडेन्सरवर संशय घ्यायचा. ५० ची असेल तर ब्रिजमधला एखादा डायोड उघडा पडलेला असू शकतो किंवा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र कुठून तरी घुसतंय, आणि मग तू गावातले सगळे कंडेन्सर बदललेस तरी लाट तशीच.

दुसरं, रिपल किती असावी याचा ढोबळ हिशोब. लोडचा करंट घ्यायचा, त्याला फ्रिक्वेन्सी आणि कपॅसिटन्सच्या गुणाकाराने भागायचं. समज १ अँपिअर जातोय आणि कंडेन्सर ३००० मायक्रोफॅरड आहे. १ भागिले १०० गुणिले ०.००३, म्हणजे जवळपास ३.३ व्होल्ट पीक टू पीक. आकडा बघून दचकू नको, ही रेग्युलेटरच्या, म्हणजे व्होल्टेज एकसारखं ठेवणाऱ्या सर्किटच्या, अलीकडची रिपल, ती तिथे असणारच, पलीकडे काही मिलीव्होल्ट उरतात. पण तोच कंडेन्सर सुकून १००० मायक्रोवर आला की १० व्होल्ट होते. मग प्रत्येक खोलगट भागात रेग्युलेटरला लागतं तेवढं व्होल्टेज मिळत नाही, तो सोडून देतो, आणि तो खड्डा थेट तुझ्या ट्रेसवर येतो. कंडेन्सर पूर्ण मरावा लागत नाही, या रेषेच्या खाली आला की पुरे.

ओहमकार
बापरे, हे कुणी आधी का नाही सांगितलं. आत्ताच बघितलं, दोन आवृत्त्या आहेत. १०० हर्ट्झ. ब्रिज निर्दोष सुटला. बाकीची मोजमापं शनिवारी, आठवडाभर ऑफिस आहे.

कोकणी_फ्यूज
शनिवारपर्यंत थांबतोयस तर एक गोष्ट त्याआधी. जुन्या मशीनमध्ये मेन्सवर, म्हणजे पॉवर सॉकेटच्या मागे किंवा लाइन फिल्टरमध्ये, पिवळट पारदर्शक चौकोनी कंडेन्सर दिसला की तो मोजत बसायचं नाही. सरळ काढायचा. मेटलाइज्ड पेपरचे असतात ते, वरच्या इपॉक्सीला वर्षानुवर्षांनी बारीक भेगा पडतात, त्यातून हवेतली ओल आत जाते. मीटरवर एकदम तंदुरुस्त दाखवतात. मेन्स दिलं की दहा मिनिटांनी धूर.

आमच्या रत्नागिरीकडची हवा तर या कामाला खासच. एका जर्मन बनावटीच्या पॉवर सप्लायमधला असाच पावसाळ्यात उडाला, घरभर असला जळकट चिकट वास की आईने गॅसचा रेग्युलेटर बंद करून सगळ्या खिडक्या उघडल्या. मशीनला काहीच झालं नव्हतं. तो कंडेन्सर फक्त नॉइज दाबायला असतो, तो काढून टाकला तरी मशीन चालतं, पण नवीन बसवाच.
नवीन घेताना लाइन टू न्यूट्रल असेल तर एक्स२ लिहिलेला, आणि लाइन टू अर्थ असेल तर वाय२ लिहिलेलाच घ्यायचा. एक्सच्या जागी वाय चालतो, वायच्या जागी एक्स अजिबात नाही, कारण वाय शॉर्ट झाला तर बॉडीवर करंट येतो. ४०० व्होल्टचा साधा पॉलिएस्टर दिला दुकानदाराने तर परत करा.

बुधवारपेठी
म्हणजे न मोजता बदलायचे असे कंडेन्सर असतात तर. नोंद घ्यावी.

लॅबकाकू
घेतली नोंद. मेन्सवरचे पेपर कंडेन्सर मी कधी वाचवायला सांगितले?

तिरकस_रेष
एक भाबडा प्रश्न. तेवढ्याच पैशात आणि दहा हजार जास्त टाकून नवा डिजिटल स्कोप येतो, मेमरीसकट, वजन तीन किलो. मग हे का?

निवांत_नागपूरकर
भाऊ, तुम्ही लग्नात जुन्या गाण्यांच्या वेळी पण उठून जात असाल.

मिलीव्होल्ट
तिरकसराव, कामासाठी माझ्याकडेही डिजिटलच आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्याचा सर्किट डायग्राम दाखवा कुणी. ४६५ च्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक टप्प्यावर कुठला वेव्हफॉर्म दिसला पाहिजे तो छापलेला आहे, आणि सर्किट कसं चालतं ते प्रकरणच्या प्रकरण लिहिलंय. शिकायला याच्याइतकं चांगलं दुसरं काही मला तरी सापडलं नाही. आणि एक्स-वाय मोडमध्ये सीआरटीवर जी रेघ दिसते ना, असो, तो वेगळा धागा.

ग्रीडलीक
वय झालंय माझं, व्हॉल्व्हच्या काळातला माणूस मी. तुम्ही सगळे ट्रान्झिस्टरवाले भांडताय, तुमच्या मशीनमध्ये हा प्रश्न वादाचा तरी आहे. व्हॉल्व्हच्या मशीनमध्ये पेपर कंडेन्सर असतील, मेणातले किंवा ते काळे मोल्डेड, तर वाद नाही, सगळे बदलायचे. कारण सांगतो. एका व्हॉल्व्हच्या प्लेटवर दीडदोनशे व्होल्ट, तिथून कंडेन्सर, पुढे दुसऱ्या व्हॉल्व्हची ग्रीड. ग्रीडला खाली एक मेगओहमचा रेझिस्टर. कंडेन्सरमधून नुसता १० मायक्रोअँपिअर गळला तरी ग्रीडवर १० व्होल्ट प्लस चढले. बायस, म्हणजे ग्रीडचं ठरलेलं मायनस व्होल्टेज, गेला, व्हॉल्व्ह लाल. तुमचा टेस्टर मात्र कपॅसिटन्स बरोबर दाखवणार, कारण तो तपासतो काही व्होल्टवर आणि गळती होते दोनशेवर. गळती बघायची तर रेटेड व्होल्टेज देऊनच बघावी लागते. त्या जागी ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीन टाका आणि विसरा.

आता टेक्ट्रॉनिक्सचा विषय निघालाच आहे म्हणून. त्यांच्या ५४५ सारख्या व्हॉल्व्हच्या स्कोपमध्ये पार्ट्स सिरॅमिकच्या पट्ट्यांवर बसवलेले असत, पट्टीच्या खाचांना चांदीचा मुलामा. साधं सोल्डर वापरलं की ती चांदी सोल्डरमध्ये विरघळते, दोनचारदा केलंत की खाच सुटली. म्हणून तीन टक्के चांदी असलेलं सोल्डर लागतं. कंपनीला हे इतकं माहीत होतं की कॅबिनेटच्या आतच त्या सोल्डरची छोटी गुंडाळी ठेवून देत. पुढच्या दुरुस्तीवाल्याची सोय. अशी माणसं होती.

टाइमबेस
ग्रीडलीक काका, त्या गुंडाळीबद्दल अगदी खरं. मी ओहायोत असतो, इथे झीनियाला मे महिन्यात हॅमव्हेन्शन, हॅम रेडिओवाल्यांचं संमेलन, भरतं, त्याच्या उघड्या बाजारात असे स्कोप मांडलेले असतात. सोल्डरची गुंडाळी अजून आत असलेला मिळाला की लोक फोटो काढतात.

पण मला दुसऱ्या टोकाचं सांगायचंय. सगळे म्हणतात जितकं जुनं तितके कंडेन्सर खराब. उलट आहे. सत्तरच्या दशकातले मोठे इलेक्ट्रोलायटिक बरेचदा अजून ठणठणीत निघतात, आणि १९८७-८८ ते ९५ च्या आसपासच्या मशीनमधले छोटे सरफेस माउंटवाले जवळपास सगळे गळलेले असतात. त्या काळात लो इम्पिडन्ससाठी क्वाटर्नरी अमोनियम क्षाराचं इलेक्ट्रोलाइट आलं, ते रबर सीलशी जमवून घेत नाही, मायनसच्या बाजूने बाहेर येतं. नुसतं बाहेर येत नाही तर तांब्याचे ट्रॅक आणि थ्रू होल खात जातं. ते तापवलं की वास येतो तो थेट सुकटीचा. मी बेसमेंटमध्ये सोल्डरिंग करत होतो आणि बायको वरून ओरडली की बोंबील आणलेस आणि सांगितलं पण नाहीस.

टेक्ट्रॉनिक्स २४६५बी चा ए५ बोर्ड हे याचं प्रसिद्ध उदाहरण. तिथे मोजायचं नाही, चालू असला तरी काढायचे, बोर्ड गरम पाण्याने आणि मग आयसोप्रॉपिल अल्कोहोलने नीट धुवायचा, आणि ट्रॅक तुटलेत का बघायचे. जितका उशीर तितके ट्रॅक गेले. आणि हो, त्याच बोर्डवर बॅटरी आत असलेली मेमरी चिप आहे, कॅलिब्रेशनचे आकडे तिच्यात. काही करायच्या आधी ते आकडे वाचून जपून ठेवा. बॅटरी संपली की कंडेन्सर नवे असून उपयोग नाही.

कोकणी_फ्यूज
सुकटीचा वास हा दोष कसा काय?

निवांत_नागपूरकर
रत्नागिरीत लोक खराब बोर्ड वासाने शोधत नसतील, भूक लागत असेल.

बुधवारपेठी
टाइमबेस यांचा मुद्दा मान्य, पण त्याने माझंच म्हणणं पक्कं होतंय. बदला. हल्लीच्या कंडेन्सरचं आयुष्य बघा, १०५ डिग्रीला २००० तास लिहिलेलं असतं, दर १० डिग्री खाली आलं की दुप्पट, म्हणजे आत ४५ डिग्री असेल तर सहादा दुप्पट, १ लाख २८ हजार तास. दिवसरात्र चालवला तरी चौदा वर्षं. आपण चालवणार रविवारी दोन तास. एकदा बदला, नातवंडांना द्या.

मिलीव्होल्ट
हिशोब बरोबर, गृहीतक कच्चं. हे गणित खऱ्या कंडेन्सरचं. आपल्या बाजारात जे मिळतं त्यातलं खरं किती? लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून मी नामांकित जपानी नावाचे १०००० मायक्रो आणले होते. हातात हलके लागले म्हणून एक कापला, मोठ्या डब्यात आत छोटा डबा, त्याच्यावर वेगळंच नाव. असले टाकण्यापेक्षा पन्नास वर्षांचा ओरिजिनल परवडला. त्यामुळे घ्यायचे तर मोठ्या अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडून ऑनलाइन, बिलासकट, आणि आल्यावर प्रत्येक मोजून.
शिवाय सरसकट बदलण्यात ओहमकारच्या हातून होऊ शकणाऱ्या गोष्टी: पॅड उचललं जाणं, एखादा उलटा बसणं, एखादा जॉइंट कोरडा राहणं. आधी एक बिघाड होता, आता चार, आणि त्यातला ओरिजिनल कुठला ते कळत नाही. म्हणून एक बदलायचा, चालू करून बघायचा, मग पुढचा.

ग्रीडलीक
उलटं बसण्यावरून आठवलं. नवीन मुलांसाठी: अ‍ॅल्युमिनियमच्या इलेक्ट्रोलायटिकवर पट्टी असते ती मायनसची. टँटलमवर खूण असते ती प्लसची. उलटा लागलेला टँटलम कधीकधी तासभर नीट चालतो आणि मग पेटतो, खरंच ज्वाळा येते.

लॅबकाकू
आणि टँटलम बदलताना व्होल्टेज वाढवून घ्यायचं. १५ व्होल्टच्या लाइनला जुन्या डिझाइनमध्ये २० चा टाकलेला सापडतो, तो काठावर जगत असतो. ३५ चा टाका. इलेक्ट्रोलायटिकला मात्र फिल्टरच्या जागी व्हॅल्यू फार वाढवायची नाही. थोडी जास्त चालते, जुन्यांचा टॉलरन्सच मुळी प्लसकडे भरपूर असायचा. पण दुप्पट तिप्पट टाकलीत तर चालू करताना ब्रिजमधून जाणारा झटका वाढतो, डायोड कुरकुरतात.

टाइमबेसच्या स्विचभोवती जे कंडेन्सर आहेत त्यांना कुणीही, परत सांगते, कुणीही हात लावायचा नाही. ते टायमिंगचे, एकमेकांशी जुळवून निवडलेले असतात. फिल्म, मायका, सिरॅमिक, यांना तसंही फार काही होत नाही. ते बदललेत तर स्वीप चुकणार आणि मग माझ्याकडे यायचं नाही.

ओहमकार
शनिवारचा रिपोर्ट. +५५ एकदम बरोबर. +११० ठीक. +५ ठीक, -८ ठीक. +१५ डीसी रेंजवर बरोबर वाटतं पण एसी रेंजवर शेजाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त. त्याच्या रेग्युलेटरच्या अलीकडे मोजलं तर तिथली रिपल मिलीव्होल्टदादांच्या सुत्रापेक्षा खूप वर. मग बंद केला, रेझिस्टरने डिस्चार्ज केला, संशयित कंडेन्सरला समांतर एक नवीन क्लिपांनी लावला, चालू केला. रेष सरळ! अशी सरळ की पाचेक मिनिटं नुसता बघत बसलो.

शंका: या मोठ्या डब्याला खाली एक मधली पिन आणि भोवती बरेच लग (जोडायचे पत्र्याचे पाय) आहेत. नवीन स्नॅप-इन दोन पायांचा आहे. कसा बसवू?

मिलीव्होल्ट
शाब्बास. बंद करून, डिस्चार्ज करून लावलास हे फार बरं केलंस, चालू मशीनला रिकामा कंडेन्सर चिकटवला की जो झटका बसतो त्यात ब्रिज जाऊ शकतो.

लगबद्दल नीट वाच, इथे पुष्कळ लोक अडकतात. बाहेरचे सगळे लग म्हणजे कंडेन्सरची मायनस, ते आतून डब्याने जोडलेले. पण टेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी तो डबा जंपर म्हणूनही वापरलाय. बोर्डवरचे ग्राउंडचे वेगवेगळे ट्रॅक एकेका लगला येतात आणि डब्यातून एकमेकांना मिळतात. तू दोन पायांचा टाकलास आणि एकच लग जोडलास तर बाकीचे ट्रॅक अधांतरी. मग स्कोप असं काही विचित्र वागतो की लोक रेग्युलेटरचे ट्रान्झिस्टर बदलत बसतात. सोपा उपाय, सगळ्या लगांची भोकं जाड टिन्ड वायरने एकमेकांना जोड, मग कंडेन्सर बसव. परदेशात यासाठी तयार छोटे अ‍ॅडॅप्टर बोर्ड पण मिळतात.

तिरकस_रेष
हे वाचून मी माझा डिजिटल स्कोप उघडून बघितला. आत काहीच नाही हो. एक बोर्ड आणि बरीच हवा.

ग्रीडलीक
काही लोक जुना डबा ठेवतात, आतलं काढून नवे छोटे कंडेन्सर त्यात लपवतात, वरून ओरिजिनल दिसतं. मी व्हॉल्व्हच्या मशीनला करतो तसं. डबा कापताना हातमोजे घाला. आणि हाय व्होल्टेजचे जुने तेलाचे कंडेन्सर असतील तर ते मात्र कापू नका, १९७९ मध्ये अमेरिकेने बंदी घालण्यापूर्वीच्या बऱ्याच तेलात पीसीबी नावाचं विषारी रसायन असे.

ओहमकार
अपडेट, आणि हा तितका आनंदाचा नाही. कंडेन्सर बसवला, लगांना वायर घातली, रेष सरळ. अर्धा तास चालला आणि ट्रेस गायब. +१५ शून्यावर आलंय. बंद करून मीटर लावलं तर +१५ ते ग्राउंड जेमतेम एखादा ओहम. नव्या कंडेन्सरचा तर संबंध नाही ना?

बुधवारपेठी
टँटलम. गेला. मी काही बोलत नाही.

लॅबकाकू
बोललाच की. हो, टँटलमच आहे. इतकी वर्षं झोपलेला होता, आता रोज व्होल्टेज मिळायला लागलं. रेग्युलेटरने करंट मर्यादेत ठेवला म्हणून बाकी काही जळलं नाही, हे चांगल्या डिझाइनचं लक्षण.
आता त्या लाइनवरचे सगळे उपटायचे नाहीत. बेंच सप्लाय घे, व्होल्टेज एक व्होल्टच्या आत आणि करंट अर्ध्या अँपिअरला बांधून +१५ च्या लाइनला दे, मशीन मेन्सवरून काढलेलं. मग मीटर मिलीव्होल्टवर, काळा प्रोब ग्राउंडला, लाल प्रोब +१५ च्या ट्रॅकवरून पुढे पुढे सरकवत जा. करंट ज्या दिशेला वाहतोय तिकडे मिलीव्होल्ट उतरत जातात, शॉर्टजवळ सगळ्यात कमी. त्याच्या पलीकडे गेलास की आकडा बदलायचा थांबतो. बहुतेक वेळा तोपर्यंत तो कंडेन्सर बोटाला गरमही लागतो.

टाइमबेस
काकूंची पद्धत उत्तम. आळशी लोकांसाठी: बोर्डवर आयसोप्रॉपिल शिंपडा, जिथून सगळ्यात आधी वाळतं तो गुन्हेगार.

ओहमकार
सापडला! व्हर्टिकल बोर्डवर कोपऱ्यातला एक, दिसायला इतका देखणा की शेवटपर्यंत संशय आला नसता. काढला, लाइन मोकळी. ३५ व्होल्टचा टाकला, +१५ परत जागेवर. तीन संध्याकाळी चालवून बघितला, ठीक आहे.
ठरवलंय असं: तो एक फिल्टर बदलला, बाकीचे फिल्टर ईएसआर (कंडेन्सरचा आतला रेझिस्टन्स) आणि रिपल दोन्हीत पास आहेत, ते राहू देतो. +१५ आणि -८ वर जे टँटलम काठावरच्या व्होल्टेजचे आहेत ते सवडीने एकेक करून बदलणार. उरलेल्यांना हात नाही.

बुधवारपेठी
म्हणजे हप्त्याहप्त्याने सरसकट. चालेल.

पिंपळपार
नमस्कार, नवीन सदस्य आहे, पूर्ण धागा वाचला. सासऱ्यांकडून एचपीचा जुना ऑडिओ ऑसिलेटर मिळालाय, व्हॉल्व्हचा, २००सीडी लिहिलंय. वीसेक वर्षं माळ्यावर होता. डिमरस्टॅट, म्हणजे मेन्सचं व्होल्टेज कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर, आहे माझ्याकडे, तो शून्यापासून हळूहळू वाढवत कंडेन्सर परत तयार करता येतात असं वाचलं. आज रात्री लावू का?

ग्रीडलीक
वा, छान वस्तू मिळाली. आत एक छोटा दिवा असेल, तो इंडिकेटर समजून काढू नका. एचपीचे संस्थापक ह्यूलेट यांची मूळ करामत तीच, दिव्याची फिलामेंट तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो आणि आउटपुट आपोआप एका पातळीवर राहतं. याच घराण्यातले आठ ऑसिलेटर डिस्ने स्टुडिओने घेतले होते, कंपनीच्या अगदी सुरुवातीच्या गिऱ्हाइकांपैकी एक.

डिमरस्टॅटबद्दल. रेक्टिफायर व्हॉल्व्हचा असेल तर कमी व्होल्टेजला त्याची फिलामेंट तापतच नाही, मग कंडेन्सरला काही मिळत नाही, आणि तापली की एकदम सगळं मिळतं. म्हणजे हळूहळू असं काही होतच नाही. रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून वेगळ्या सप्लायमधून मोठ्या रेझिस्टरमार्गे द्या, तास दोन तास, आणि गळती उतरतेय का बघत राहा. उतरली नाही तर तो कंडेन्सर गेला. स्विचिंग सप्लायच्या मशीनला तर डिमरस्टॅट लावूच नये, व्होल्टेज कमी केलं की ती जास्त करंट ओढतात.

मिलीव्होल्ट
आणि पहिल्यांदा मेन्स द्याल तेव्हा सिरीजमध्ये १०० वॉटचा बल्ब लावून. फिलामेंटवाला, एलईडी नव्हे. भपकन पेटून मंद झाला तर ठीक, लख्ख राहिला तर बंद करा.

निवांत_नागपूरकर
फिलामेंटचा बल्ब शोधायलाच जुना बाजार गाठावा लागते आता. एक सीआरओ पण घेऊन येसान.

लॅबकाकू
पिंपळपार, आज रात्री काहीच लावू नका. आधी मागे किंवा आत ट्रान्सफॉर्मरचं वायरिंग बघा, ११५ ला जोडलंय की २३० ला?

पिंपळपार
मागे ११५ लिहिलंय. आत ट्रान्सफॉर्मरला प्रायमरीच्या दोन वाइंडिंग दिसतात, चार टर्मिनल, दोन पट्ट्यांनी समांतर जोडलेल्या. फोटो टाकतो.

लॅबकाकू
मग २३० साठी त्या सिरीजमध्ये कराव्या लागतील आणि फ्यूजही निम्म्या अँपिअरचा. टर्मिनलवरचे नंबर दिसतील असा फोटो टाका, नंबर बघितल्याशिवाय कुठली पट्टी कुठे ते सांगणार नाही.